पाहणारा माणूस : फुटबॉल स्काऊट, नागपूरची बादली आणि आपली चिखली

परवा रात्री साडेदहाला एका पोराचा मेसेज आला. आपल्याच तालुक्यातला आहे, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. नाव सांगत नाही, त्याच्या घरी अजून माहीत नाही.

"सर, मला फुटबॉल स्काऊट व्हायचंय. सुरुवात कुठून करायची? घरचे म्हणतात पोलीस भरतीचं पाहा."

खरं सांगतो, आधी हसू आलं. आपल्याकडे फुटबॉल खेळणारं पोरगं शोधावं लागतं आणि हा तर शोधणाराच व्हायला निघालाय! "पाहतो, सांगतो" असं लिहून फोन ठेवला. पण झोप काही लागेना. कारण त्याचा प्रश्न वाटतो तेवढा येडा नाही. आपल्या भागात खेळणारी पोरं कमी नाहीत, त्यांना पाहणारा माणूस कमी आहे. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी. स्काऊट म्हणजे शाळेतला स्कार्फवाला बालवीर नव्हे. फुटबॉलमधला स्काऊट म्हणजे गावोगावचे सामने पाहत फिरणारा, त्यातून एखादं पोरगं हेरणारा आणि क्लबला कळवणारा माणूस. तो कोच नसतो. एजंट तर अजिबात नसतो. एजंट करार करून देतो आणि त्याचे पैसे घेतो. स्काऊटचं काम त्याच्या कितीतरी आधीचं, पोराला कोणी ओळखत नसतं तेव्हाचं.

जगातली मोठमोठी नावं अशाच कोणाच्या तरी नजरेला पडली म्हणून आपल्याला माहीत झाली. ब्राझीलमध्ये बाउरू नावाच्या गावातलं एक पंधरा वर्षांचं पोरगं १९५६ साली वाल्देमार दि ब्रितो या जुन्या खेळाडूने हाताला धरून सांतोस क्लबमध्ये नेलं. ते पोरगं म्हणजे पेले. १९६१ मध्ये बेलफास्टमधल्या एका किरकोळ अंगाच्या पोराबद्दल बॉब बिशप नावाच्या स्काऊटने मँचेस्टर युनायटेडला कळवलं. आधी तिथल्या एका क्लबने तो फारच बारीक आहे म्हणून नाकारला होता. तो जॉर्ज बेस्ट. आणि मेस्सीचा किस्सा तर पोरांना पाठच असतो. तेरा वर्षांचा, उंची कमी, वाढीच्या औषधाचा खर्च मोठा. बार्सिलोनावाले निर्णय लांबवत होते, बाप वैतागला होता. शेवटी १४ डिसेंबर २००० ला कार्लेस रेक्साक यांनी हॉटेलातल्या कागदी रुमालावर लिहून दिलं की आम्ही याला घेतो. तो रुमाल २०२४ मध्ये लिलावात साडेसात लाख पौंडांहून जास्त किमतीला गेला.

या तिन्ही गोष्टींत एक गंमत बघा. पोरगं नंतर मोठं झालंच, पण त्या दिवशी तिथे कोणीतरी हजर होता. बाउरूला कोणी पाहणारा नसता तर? असे किती पेले कुठल्या कुठे राहून गेले असतील याचा हिशेब कोणी ठेवत नाही. ठेवताही येत नाही.

आता आपल्या देशात या.

आपल्याकडे स्काऊट हा शब्द नव्हता, पण काम होतं, आणि ते बहुतेक मास्तर लोक करायचे. सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे, पेशाने शिक्षक. 'मैदान' सिनेमा पाहिला असेल तर माहीत असेल. १९५० पासून १९६३ मध्ये जाईपर्यंत भारताचा संघ त्यांनी घडवला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये आपण चौथे आलो, आणि मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियावर हॅट्ट्रिक केली, ती त्यांच्याच संघात. १९६२ ला जकार्तात आशियाई सुवर्ण, तेही त्यांचंच. सिकंदराबादकडच्या गरीब घरातला तुलसीदास बलराम रहीमसाहेबांच्या नजरेत भरला. पण रोज हैदराबादला सरावाला यायला त्याच्याकडे पैसे नव्हते. तेव्हा साहेबांनी भाड्याच्या सायकलीचे पैसे दिले, ही आठवण बलराम म्हातारपणीही सांगायचे. म्हणजे नुसतं "पोरगं चांगलं आहे हो" म्हणून भागत नाही. ते मैदानापर्यंत पोचेल कसं, हेही पाहावं लागतं. आपल्या भागात तर आधी तेच पाहावं लागतं. अमडापूरकडच्या पोराने संध्याकाळी सहापर्यंत चिखलीत सराव केला, तर घरी जायला गाडी कोणती, हा प्रश्न त्याच्या पायातल्या खेळाएवढाच मोठा आहे.

मुंबईत वेगळाच प्रकार होता. तिथे स्काऊट होते ते कंपन्यांचे. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल, महिंद्रा, आरसीएफ, एअर इंडिया, वेस्टर्न रेल्वे, बँका, सगळ्यांचे संघ. कूपरेजवर रोव्हर्स कप चालायचा, १८९१ पासूनची स्पर्धा. कंपनीचा माणूस कडेला बसून पाहायचा, पोरगं आवडलं की नोकरी. नोकरी! आज ज्या घरात पोलीस भरतीचं नाव निघतं, त्या काळी तिथे "रेल्वेत लागला, फुटबॉलवर" असं ऐकू यायचं. मग हे हळूहळू आटलं. रोव्हर्स कप २००१ च्या सुमारास बंद पडला, महिंद्राचा संघ २०१० मध्ये गुंडाळला. २०१४ ला आयएसएल आली, झगमगाट आला, पण एका पोराला खेळावर कारकुनी देणारी ती साखळी परत आली नाही. माझं स्पष्ट मत आहे, आपल्या आईबापांना फुटबॉल आवडत नाही असं नाही. फुटबॉलमागची नोकरी गेली, म्हणून त्यांचा जीव त्यात राहिला नाही.

मध्येच थोडं क्रिकेट. रागावू नका, संबंध आहे.

भारतात गावाकडची पोरं हेरायची एक पद्धतशीर योजना एका मराठी पत्रकाराच्या डोक्यातून आली. मकरंद वायंगणकर. बीसीसीआयने २००२ मध्ये ती टीआरडीडब्ल्यू या नावाने सुरू केली, प्रमुख दिलीप वेंगसरकर. छोट्या शहरांत सामने पाहायला जुने खेळाडू पाठवायचे, त्यांनी लेखी अहवाल द्यायचा, एवढीच साधी कल्पना. २००३ मध्ये बंगालचे माजी कर्णधार प्रकाश पोद्दार जमशेदपूरला एक सामना पाहायला गेले आणि रांचीच्या एका लांब केसांच्या पोराबद्दल लिहून पाठवलं. योजना एकोणीस वर्षांखालच्यांसाठी होती, पोरगं एकवीसचं. वेंगसरकरांनी नियम थोडा वाकवला. ते पोरगं म्हणजे धोनी. आणि त्याच्याही आधी काय झालं होतं? धोनी शाळेत फुटबॉलचा गोलकीपर होता. त्याला क्रिकेटच्या यष्टीमागे उभं केलं ते शाळेतल्या क्रीडाशिक्षक बॅनर्जी सरांनी. म्हणजे पहिला स्काऊट पीटीचे सर, दुसरे पोद्दार. सर नसते तर पोद्दारांना दिसायला काही उरलंच नसतं.

आता मुख्य माणूस. आपल्या विदर्भातला.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे. २००१ च्या आसपासची गोष्ट. पावसात ते आडोशाला थांबले होते. समोर झोपडपट्टीतली पोरं चिखलात फुटकी बादली लाथाडत खेळत होती. आपण काय केलं असतं? पाऊस थांबल्यावर गाडीला किक मारली असती. बारसे सर पाहत राहिले. पोरं शिव्या देत नव्हती, भांडत नव्हती, दुसरे उद्योग करत नव्हती. जोवर खेळ चालू होता तोवर ती फक्त पोरं होती. सरांनी त्यांना बॉल दिला. मग झोपडपट्टी फुटबॉल नावाने स्पर्धा भरवली. त्यातून स्लम सॉकर उभी राहिली. अखिलेश पॉल नावाचा पोरगा, गुन्हेगारीच्या वाटेला लागलेला, पुढे होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा कर्णधार झाला. २०१४ मध्ये आमिर खानच्या कार्यक्रमात देशाने त्याला पाहिलं. २०१६ ला फिफाने स्लम सॉकरला डायव्हर्सिटी पुरस्कार दिला. २०२२ मध्ये नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला आणि अमिताभने सरांचं काम केलं. तेव्हा कुठे आपल्याला कळलं की नागपुरात असं काही झालंय. वीस वर्षं लागली, बाप्पा!

बारसे सरांना स्काऊट म्हणावं का? क्लबच्या भाषेत नाही. ते उद्याचा आयएसएलवाला शोधत नव्हते. पण पाहणं म्हणजे काय हे मला त्यांच्या गोष्टीतून जेवढं कळलं तेवढं कुठल्या कोर्सच्या माहितीपत्रकातून कळलं नाही. तुटकी बादली सगळ्यांना दिसली होती. त्यामागचे पाय एकालाच दिसले.

कोल्हापूरची गोष्ट याच्या उलट. तिथे एकट्या माणसाची गरजच नाही, अख्खं गाव स्काऊट आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, पेठांपेठांतली तालीम मंडळं. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठा ओस. दहा वर्षांच्या पोराने गल्लीत दोन जणांना चकवलं तरी संध्याकाळपर्यंत तालमीत बातमी पोचते. अनिकेत जाधव तिथलाच, रिक्षाचालकाचा मुलगा. सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुण्यात आला, पुणे एफसीच्या अकादमीत गेला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच्या पायात जादू होती, मान्य. पण त्याच्या जन्मगावात बघणाऱ्यांची गर्दी होती, हेही धरा.

त्या २०१७ च्या संघात आणखी एक मराठी आडनाव होतं, नमित देशपांडे. हा अमेरिकेत वाढलेला. भारतीय फुटबॉल महासंघाने तेव्हा परदेशातल्या, पण भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलांसाठी शोधमोहीम काढली होती, त्यातून तो सापडला. अमेरिकेतला देशपांडे सापडतो, छान झालं, अभिमानच आहे. पण मग मनात येतंच ना, की मेरा-उंद्रीचा देशमुख-गवई-शेख का सापडत नाही? अंतर कोणतं जास्त, तुम्हीच सांगा.

आणि त्याच संघातला जिक्सन सिंग. मणिपूरचा. निवड करणाऱ्यांनी आधी त्याला घेतलं नव्हतं. पुढे पंजाबच्या मिनर्व्हा अकादमीच्या पोरांनी मैत्रीच्या सामन्यात चक्क भारताच्याच संघाला हरवलं, आणि मग नव्या कोचने त्या अकादमीतली पोरं उचलली. ९ ऑक्टोबर २०१७ ला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जिक्सनने हेडर मारला. फिफाच्या स्पर्धेतला भारताचा पहिला गोल. एकदा नाकारलेल्या पोराचा! तेव्हा स्काऊट चुकतात. मोठमोठे चुकतात. ज्याला आपली चूक वहीत लिहून ठेवता येत नाही त्याने या कामात पडू नये.

आता आपल्याकडे.

आपल्या शाळांमध्ये फुटबॉल नाही असं नाही. १५ सप्टेंबर २०१७ आठवतो का? 'मिशन वन मिलियन'. शाळाशाळांत बॉल आले, त्या दिवशी राज्यभर पोरं खेळली. फोटोही आले. नंतर त्या बॉलचं काय झालं हे प्रत्येकाने आपापल्या शाळेच्या कपाटाला विचारावं. सुब्रतो कप दरवर्षी होतो, १९६० पासूनची शालेय स्पर्धा. तालुका, मग जिल्हा, मग अमरावती विभाग, मग राज्य. तालुक्याचे सामने मी पाहिलेत. कडेला कोण असतं? दोन्ही शाळांचे सर, पाण्याच्या बाटल्या सांभाळणारं एखादं पोरगं आणि सावलीला बसलेले आम्ही चार जण. एका दुपारीत सगळं उरकतं. हरलेल्या संघातलं एखादं पोरगं कितीही भारी खेळलं तरी त्याचं नाव कुठेच लिहिलं जात नाही. स्कोअरशीटवर जिंकलेल्या शाळेचं नाव जातं, संपलं.

हे सगळीकडेच असं आहे म्हणून सोडून देता येत नाही, कारण आपल्याच जिल्ह्यात उलटं उदाहरण आहे. धनुर्विद्या! बुलडाण्यात चंद्रकांत इलग नावाचे पोलीस दलातले प्रशिक्षक पोरांना धनुष्य हातात देत राहिले. मोनाली जाधव तिथली. प्रथमेश जावकर तिथला. मे २०२३ मध्ये शांघायच्या वर्ल्ड कपमध्ये प्रथमेशने नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला हरवून सुवर्ण घेतलं, वय एकोणीस. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण. ज्या जिल्ह्याला शंभर वर्षांत खामगाव-जालना रेल्वे मिळाली नाही, त्या जिल्ह्यातून जागतिक सुवर्ण निघालं, ते एका जागी टिकून पाहणाऱ्या माणसामुळे. मग फुटबॉलला असा माणूस का नसावा?

आणि आता वेळही बरी आहे. राज्य सरकारची 'महादेवा' योजना आली. तेरा वर्षांखालची ३० मुलं आणि ३० मुली निवडून पाच वर्षं त्यांचं शिक्षण-प्रशिक्षण. जिल्ह्याजिल्ह्यांत चाचण्या. १४ डिसेंबर २०२५ ला वानखेडेवर मेस्सीच्या उपस्थितीत तिचा गाजावाजा झाला. तारीख बघितली? कागदी रुमालाला त्या दिवशी बरोबर पंचवीस वर्षं झाली. योजना चांगली आहे. माझी शंका एवढीच, की चाचणीला तेच पोरगं येतं ज्याला चाचणी आहे हे कळतं. ज्याला कळत नाही त्याच्यापर्यंत जायला पायी फिरणारा माणूसच लागतो. म्हणजे आमचा हा मेसेजवाला.

तर बेटा, आता तुझ्यासाठी.

पहिलं, एक वही घे. शंभर पानी, साधी. या मोसमात शाळेचे, कॉलेजचे, मोहल्ल्याचे जेवढे सामने होतील तेवढे बघ. बॉलकडे बघू नको, बॉल सगळेच बघतात. एक पोरगं धर आणि वीस मिनिटं त्याच्याकडेच बघ. बॉल यायच्या आधी तो मान वळवून आजूबाजूला पाहतो का? डावा पाय चालतो का? बॉल गेल्यावर कंबरेवर हात ठेवून उभा राहतो की मागे धावतो? सोबतच्याने चूक केली तर काय बोलतो? गोल कोणी मारला हे सगळ्यांत शेवटी लिही.

दुसरं, वयाचं. आपल्याकडे हा मोठा गोंधळ आहे. तुला माहीतच आहे, आमच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असायचा, मास्तरांच्या कृपेने. आता दाखले सुधारले, पण जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं पोरगं एकाच वयोगटात खेळतं. बाराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे टोंगळ्याएवढा फरक. निवडणारे उंच पोरगं उचलतात, डिसेंबरवालं घरी जातं. जगभर हीच चूक होते, अभ्यास झालेत यावर. म्हणून नावापुढे जन्मतारीख लिही आणि बारक्याला दोन वर्षांनी परत बघ. खोट्या दाखल्याला मात्र हात लावू नको. मनगटाची हाडं तपासतात आता, फिफाने २००९ पासून एमआरआय आणलाय. पकडलं गेलं तर पोरगं आयुष्यातून उठतं.

तिसरं, शिकणं. महासंघाचा डी लायसन्स कोचिंग कोर्स कर. कोच नाही झालास तरी कोच काय बघतो ते कळेल. इंग्लंडच्या काही संस्थांचे स्काऊटिंगचे ऑनलाइन कोर्स आहेत, पण आधी वही भर, मग पैसे भर. सुट्टीत नागपूरला जा. कामठीचा रब्बानी, राहुल क्लब, यंग मुस्लिम यांचे लीग सामने बघ. तिथल्या जुन्या लोकांशेजारी बस आणि गप्प ऐक. मोबाईलवर सामने शूट करायला शीक. स्टँड नसेल तर टेरेसवरून. अख्खं मैदान दिसलं पाहिजे, नुसता बॉल नाही. नवी मुंबईत रिलायन्सची यंग चॅम्प्स अकादमी आहे, तिथे पोरांचं सगळं मोफत असतं. क्लबांच्या ज्युनिअर संघांचे कोच असतात. त्यांना लांबलचक मेल नको. एक पान, एक पोरगं, दोन मिनिटांचा व्हिडिओ, जन्मतारीख, बापाचा फोन त्याच्या परवानगीने. दहा मेल उत्तराविना जातील. अकरावा पाठव.

पैशाचं खरं सांगतो. भारतात फक्त स्काऊटिंगवर पोट भरणारे फार थोडे. बहुतेक जण कोच, पीटीचे शिक्षक किंवा व्हिडिओ विश्लेषक असतात आणि सोबत हे करतात. त्यामुळे भरतीचा फॉर्म भरू नको असं मी म्हणणार नाही. भर. पहाटे धावायला मैदानावर जातोसच, तिथेच पोरंही असतात. इलग सरही पोलीसवालेच की!

आणि एक सावधगिरी, सगळ्या पालकांसाठी. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या घरातलं पोरगं "परदेशी क्लबची ट्रायल" म्हणून पैसे भरून बसलं. ट्रायल झाली, टी-शर्ट मिळाला, फोन बंद झाला. बापाने सोयाबीन विकून भरले होते. लक्षात ठेवा, थोडे अपवाद सोडले तर अठरा वर्षांखालच्या खेळाडूला परदेशी क्लबमध्ये नेता येत नाही, फिफाचा नियम आहे. खरा स्काऊट तुमच्याकडे पैसे मागत नाही. मागितले की ओळखा.

उलट, पैसा दुसऱ्या बाजूने येऊ शकतो. खेळाडू पुढे मोठा झाला आणि पैसे मोजून परदेशी क्लबकडे गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के बाराव्या ते तेविसाव्या वर्षात त्याला घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. पण क्लब नोंदणीकृत पाहिजे आणि पोराची नोंद महासंघाच्या प्रणालीत पाहिजे. आपल्याकडे मंडळं ढीगभर, गणपतीची, जयंतीची. त्यातल्या एकाने फुटबॉल क्लब म्हणून रीतसर नोंदणी केली तरी पुरे. ज्यांना यात रस आहे त्यांनी कमेंटमध्ये कळवा, कागदपत्रांचं मी बघतो.

एवढं सगळं काल त्याला फोनवर सांगितलं. पोरगं शांत ऐकत होतं. मग म्हणालं, "सर, वही आहे माझ्याकडे. मागच्या वर्षीपासूनची."

फोटो पाठवला. वेड्यावाकड्या अक्षरात एकोणीस नावं. त्यातल्या एकापुढे लिहिलंय : 'मुलगी आहे, मुलांत खेळते, डावा पाय, बॉल यायच्या आधी मागे बघते. घरून दहावीनंतर बंद करणार आहेत.'

रविवारी आम्ही दोघं तिच्या वडिलांना भेटायला जातोय.